नागपूरच्या उन्हाळ्यात झिंगे जगवताना

नागपुरात झिंगे जगत नाहीत, असा समज येथील मत्स्यालयाचा छंद असणाऱ्यांमध्ये चांगलाच रुजलेला आहे. दुकानात चेरी झिंग्यांची चौकशी केली, की दुकानदार काचेमागची लाल वळवळ कौतुकाने दाखवतो आणि त्याच दमात सांगून टाकतो, "भाऊ, घेऊन जा, पण नवतप्यात काय होईल ते आपल्याला विचारू नका." नवतपा म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस. दुकानदाराचा अनुभव खोटा नाही. २३ मे २०१३ रोजी या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि एरवीही मे महिन्यातले ४४-४५ अंश ही इथे बातमी होत नाही. ज्या प्राण्याला २० ते २५ अंशांचे पाणी मानवते तो अशा गावात टिकणार कसा, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही गेली काही वर्षे प्रतापनगरातील आमच्या घरी ४० लिटरच्या एका टाकीत हे झिंगे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, आणि त्यांच्या सहवासात माझे मत असे झाले आहे, की उन्हाळ्यात दगावणारे बरेचसे झिंगे उकाड्यापेक्षा उकाड्यावर घाईघाईने केलेल्या उपायांनीच दगावतात.

मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते चेरी झिंगे निओकॅरिडिना डेव्हिडी या जातीचे. पूर्व चीन आणि तैवानमधील ओढ्या-तलावांतले यांचे रानटी भाईबंद तपकिरी किंवा जवळजवळ पारदर्शक असतात. दुकानात दिसणारा लालभडक रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पक्का केलेला आहे. पिवळे, निळे, नारिंगी हे वाणही याच जातीतले आहेत, आणि म्हणून ते एकत्र सोडले की आपसांत संकर होऊन थोड्याच पिढ्यांत टाकीभर पुन्हा मातकट झिंगे दिसू लागतात. पूर्ण वाढलेली मादी ३ सेंटिमीटरच्या आसपास भरते, नर तिच्याहून लहान आणि फिका असतो, आणि दोघांचेही आयुष्य साधारण दीड वर्षाचे असते. पांढऱ्या-लाल पट्ट्यांचे क्रिस्टल झिंगे दिसायला कितीही देखणे असले तरी त्यांना मऊ, किंचित आम्लधर्मी आणि २४ अंशांच्या आतले पाणी लागते. पाणी थंड करणारे चिलर घेण्याची तयारी नसेल तर नागपूरकराने त्या वाटेला जाऊ नये. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या सरोवरांतले झिंगे २७ ते ३० अंशांच्या पाण्यातच राहतात, त्यामुळे ते आपल्याकडे सहज रुळतील असे वरवर वाटते; परंतु पाण्यातला लहानसा बदलही त्यांना सोसत नाही, आणि बदलांचीच तर आपल्याकडे रेलचेल आहे.

पाणी तापल्याने नेमके काय बिघडते ते आधी पाहावे लागेल, कारण उपायाची दिशा त्यावरच ठरते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे साठा घटतो, आणि नेमक्या त्याच वेळी झिंग्याच्या शरीरातील सगळे व्यवहार जलद होऊन त्याची गरज मात्र वाढते. पाण्यातले जिवाणूही उबेमुळे चेकाळतात आणि उरलेल्या अन्नावर तुटून पडताना तोच प्राणवायू वापरतात. दिवसा वनस्पती प्राणवायू सोडतात म्हणून तोल सांभाळला जातो. रात्री त्याही प्राणवायू घेऊ लागतात. त्यामुळे उन्हाळ्यातली खरी कसोटीची वेळ भर दुपारची नसून पहाटेची असते. पहाटे दिवा लावल्यावर झिंगे पृष्ठभागाजवळच्या मॉसवर, म्हणजे शेवाळासारख्या पाणवनस्पतीवर, दाटीवाटीने बसलेले आढळले, तर तापमापक काहीही दाखवत असो, हवा कमी पडते आहे असे समजावे. दुसरी गोष्ट अमोनियाची. पाण्याचा सामू (पीएच) ८ असताना एकूण अमोनियापैकी जो भाग विषारी रूपात असतो तो २५ अंशांना सुमारे ५ टक्के असतो, ३० अंशांना तो ७ टक्क्यांच्या वर जातो. हिवाळ्यात खपून गेलेला जास्तीचा खाऊ मे महिन्यात का खपत नाही, याचे उत्तर यात आहे.

माझ्या टाकीचे पाणी उन्हाळ्यात २८ अंशांपर्यंत जाते तेव्हा मी काहीही करत नाही. ३० अंशही हळूहळू आले आणि हवेचा पुरवठा जोरात असेल तर झिंगे ते सोसतात. अंडी धरण्याचे प्रमाण घटते आणि हालचाल मंदावते इतकेच. ३२ अंशांच्या पुढे मात्र रोज एखादा मेलेला झिंगा हाती येऊ लागतो, म्हणून सारी खटपट ३० अंशांच्या आत राहण्याची असते. त्यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा छोटा पंखा. टाकीवरचे काचेचे झाकण काढून त्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणावी आणि पंखा लावावा. पाणी ३ ते ४ अंशांनी उतरते. यामागचे शास्त्र प्रत्येक नागपूरकराच्या खिडकीत बसवलेल्या कूलरचेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते जेवढी उष्णता सोबत नेते तेवढ्याने ४० लिटर पाणी सुमारे १४ अंशांनी थंड होऊ शकेल. खोलीतली उष्णता सतत पाण्यात शिरत असते म्हणून प्रत्यक्षात फरक थोडा पडतो. विदर्भाचा उन्हाळा कोरडा आहे हे इथे आपले नशीब. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा फारसे काही करणार नाही, आणि आपल्याकडेही जूनमध्ये ढग दाटून आले की त्याचा जोर ओसरतो. मृगाचा पाऊस लांबलेला, हवा दमट आणि पारा ४० अंशांवर, असे जे काही दिवस येतात ते झिंग्यांना नवतप्यापेक्षा कठीण जातात.

आमच्या काकूंनी एकदा हा पंखा पाहून विचारले होते, "एवढ्याशा झिंग्यांले पंखा लावून ठेवला काय रे बाप्पा?" त्यांना मी कूलरच्या खोलीतच टाकी ठेवण्याचे कारणही समजावून सांगितले, पण ते त्यांना फारसे पटलेले दिसले नाही. टाकी कुठे ठेवावी हा प्रश्न मात्र पंख्याहून महत्त्वाचा आहे. पश्चिमेच्या भिंतीला लागून आणि गच्चीखालच्या खोलीत ती कधीही ठेवू नये, कारण गच्चीचा स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो. खालच्या मजल्यावरची, उत्तरेकडची, दिवसभर कूलर चालणारी खोली उत्तम. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी आणखी एक विचार करावा: रात्री एसीत २४ अंश आणि दुपारी बंद खोलीत ३४ अंश, असा रोजचा झोका झिंग्यांना स्थिर २९ अंशांपेक्षा वाईट. बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आहे तो याच कारणाने. लहान टाकीत बर्फाची एक बाटली पाहता पाहता पारा खाली खेचते आणि बाटली वितळली की तो पुन्हा चढतो; या धक्क्याने झिंगे अवेळी कात टाकतात. वीज जाण्याची तयारी मात्र हवी. मे-जूनच्या वावटळीत तारा तुटतात, फांद्या पडतात आणि तासन्‌तास वीज येत नाही. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप त्यासाठी घरात असावा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पंखा लावला की टाकीतले पाणी दिसामाशी नव्हे, दिवसागणिक घटते. ४० लिटरच्या टाकीतून मे महिन्यात रोज लिटरभर पाणी उडून जाणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि बहुतेक जण घटलेले पाणी नळाखाली तांब्या धरून भरून काढतात. उडून जाते ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार जागच्या जागी राहतात. कूलरच्या पॅडवर महिन्याभरात जो पांढरा खरखरीत थर बसतो, तोच प्रकार टाकीत चाललेला असतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. साधा हिशेब मांडून पाहू. भर घालण्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ४०० असेल तर रोजच्या एका लिटरबरोबर ४०० मिलिग्रॅम क्षार आत येतात, म्हणजे ४० लिटरच्या टाकीचा टीडीएस दररोज १० ने वाढतो. २५० वर सुरू झालेली टाकी महिन्याभरात ५५० वर पोहोचते. बोअरचे ८०० टीडीएसचे पाणी घातले तर त्याच काळात ती ८५० होते. झिंगे सावकाश होणारी ही वाढ बराच काळ मुकाट सोसतात; ज्या दिवशी मालकाला स्वच्छतेची उबळ येते आणि तो निम्मे पाणी काढून ताजे पाणी भरतो, त्या दिवशी टीडीएस एका झटक्यात कोसळतो आणि दोन-तीन दिवसांत झिंगे मरू लागतात. दोष उन्हाला दिला जातो.

म्हणून घटलेल्या पाण्याची भर नेहमी क्षारविरहित पाण्याने घालावी आणि पाणी बदलणे ही वेगळी गोष्ट समजून वेगळ्या दिवशी करावी. क्षारविरहित पाणी म्हणून घरच्या आरओ यंत्राचे पाणी चालते, पण ते यंत्र एकदा नीट तपासून घ्यावे. बऱ्याच घरगुती यंत्रांत शुद्ध झालेल्या पाण्यात पुन्हा खनिजे मिसळणारी नळी असते, आणि अलीकडे तर पाण्यात मुद्दाम तांबे सोडणारी यंत्रे कौतुकाने विकली जातात. माणसाच्या आरोग्याविषयी त्यांचे जे काही दावे असतील ते असोत, झिंग्यांसाठी ते पाणी विष आहे. पितळेच्या किंवा तांब्याच्या कळशीत रात्रभर भरून ठेवलेले पाणीही त्याच कारणाने वर्ज्य. गंमत अशी, की झिंग्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोसायनिन या द्रव्याचा गाभा तांब्याचाच आहे, तरीही पाण्यात विरघळलेले तांबे अल्प प्रमाणातही त्याच्या कल्ल्यांना घातक ठरते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी पाहून अनेकांना मोह होतो, कारण टीडीएस मीटरवर ते जवळजवळ शून्य दाखवते. ते तांब्याच्या नळ्यांवरून आणि अनेक महिन्यांच्या धुळीवरून ओघळत आलेले असते, हे मीटर सांगत नाही. याची कसलीही खात्री नसेल तर बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी बरे.

पाणी बदलताना मी आठवड्याला दहावा हिस्सा, क्वचित थोडे अधिक, इतकेच काढतो आणि नवे पाणी बारीक नळीने तासभर थेंबथेंब सोडतो. शहराला पेंच आणि कन्हान येथून येणारे नळाचे पाणी क्लोरीन मारून दिले जाते. पावसाळ्याच्या तोंडावर तर नळ उघडताच ब्लीचिंगचा वास नाकात शिरतो. हे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून त्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड सोडला तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंब वापरावेत. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते आपल्याकडे बहुधा जड असते. चेरी झिंग्यांना अगदी मऊ पाणीही नको असते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाखवणारा जीएच ६ ते १२, सामू ७ ते ८ आणि टीडीएस २०० ते ३०० यांच्या दरम्यान राहिला की ते खूश असतात. माझ्याकडे नळाचे पाणी तसेच चालते. ज्यांच्याकडे केवळ बोअर आहे त्यांनी बोअरचे आणि आरओचे पाणी मिसळून हे आकडे गाठावेत, आणि एकदा गाठलेले मिश्रण मग हट्टाने बदलू नये. अमोनिया आणि नायट्राइट मात्र शून्यच हवेत, त्यात तडजोड नाही.

कात टाकण्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण निरोगी झिंगा आणि मरू घातलेला झिंगा यांतला फरक तिथेच कळतो. झिंग्याचे कवच त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून पिल्ले दर काही दिवसांनी आणि मोठे झिंगे तीन-चार आठवड्यांनी ते टाकून देतात. टाकण्याआधी झिंगा खाणे कमी करतो आणि एखाद्या पानाआड स्थिर बसतो. मग पाठीवरचे कवच आणि पोटाचा पहिला वळसा यांच्यामधली पातळ शिवण उसवते, झिंगा कमरेत वाकतो, एक झटका देतो आणि मागे उरते ती मिशांपासून शेपटीपर्यंत, पायांच्या बारीक टोकांसह, काचेसारखी पारदर्शक पोकळ कात. सारा प्रकार डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकतो. नवखे लोक ही कात पाहून झिंगा मेला म्हणून हळहळतात. मेलेला झिंगा मात्र पारदर्शक नसतो, तो शिजवल्यासारखा गुलाबी-पांढुरका होतो. कात उचलून टाकू नये, झिंगे ती कुरतडून खातात आणि त्यातील क्षार परत मिळवतात. पुढचा दिवसभर त्यांचे अंग मऊ असते आणि ते लपून राहतात.

यात काही बिघडले तर पाठ आणि पोट यांच्यामध्ये कवच पूर्ण गोलाकार फाटून पांढरे कडे उमटल्यासारखे दिसते. असा झिंगा बहुधा वाचत नाही. एखाद-दुसऱ्याला तसे झाले तर सोडून द्यावे. एका आठवड्यात तीन-चार जणांना झाले तर एक तर पाण्यात खनिजे कमी पडत आहेत किंवा अलीकडे पाण्यात मोठा बदल झाला आहे. नागपुरात पहिले कारण शुद्ध आरओ पाण्यावर टाकी चालवणाऱ्यांकडेच आढळते, बाकी सर्वत्र दुसरे. तरीही टाकीत समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या चुनखडीसारख्या हाडाचा, एक लहान तुकडा ठेवण्यास हरकत नाही. इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानांत तो विचारून पाहावा, नाहीतर पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसाठी तो विकणारे दुकानदार असतातच. तो पाण्यात सावकाश विरघळतो आणि काही झिंगे तर त्यावर बसून तासन्‌तास कोरत राहतात.

आता विषांकडे वळतो. झिंगा हा कीटकांचा दूरचा नातलग आहे, आणि डास मारणारे जे जे काही आहे ते त्यालाही मारते, ही गोष्ट या शहरात कधीही विसरता येत नाही. डासांच्या द्रवरूप औषधाची यंत्रे, अगरबत्त्या, कोपऱ्यात मारायचे फवारे या सर्वांत पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये असतात, आणि हवेत पसरलेले ते द्रव्य एअर पंप थेट पाण्यात ढकलतो. टाकीच्या खोलीत हे काहीही वापरू नये, मच्छरदाणी लावावी. डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धूर फवारणीची गाडी आली की खिडक्या बंद करून पंप थोडा वेळ थांबवावा आणि टाकीवर ओले फडके टाकावे. कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून जे औषध टाकले जाते ते तर झिंग्यांच्या नरडीचा घोटच घेते, म्हणून कूलरच्या कामाची बादली आणि तांब्या मत्स्यालयासाठी चुकूनही वापरू नये. अळ्यांसाठी सोडले जाणारे गप्पी मासे हा निर्धोक पर्याय आहे, पण ते कूलरमध्येच राहू द्यावेत. झिंग्यांची पिल्ले त्यांना अळ्यांइतकीच आवडतात. माशांच्या आजारांवरची अनेक औषधे तांब्याची असतात, तीही या टाकीत नकोत. वनस्पती विकत आणल्यास आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून रोज पाणी बदलावे, कारण त्यांवर कीटकनाशक मारलेले असू शकते.

टाकीची मांडणी साधी आहे, तिच्यावर फार लिहिण्याची गरज नाही. तळाला बारीक रेती, हवेवर चालणारा स्पंज फिल्टर, भरपूर जावा मॉस, एखादे लाकूड. यंत्राने पाणी ओढणारे मोठे फिल्टर पिल्लांना गिळतात. महत्त्वाचे एवढेच, की टाकी पाणी भरून चार ते सहा आठवडे झिंग्यांविना चालवावी लागते, तेव्हा कुठे अमोनिया पचवणारे जिवाणू वसतात आणि काचेवर, लाकडावर तो बुळबुळीत थर धरतो, जो झिंग्यांचे मुख्य अन्न आहे. भिंग घेऊन पाहावे: पुढच्या दोन जोड पायांच्या टोकांना ब्रशसारखे बारीक केस असलेले चिमटे असतात, आणि झिंगा ते आळीपाळीने थरावर घासून तोंडाकडे नेत राहतो, उजवा, डावा, उजवा, अखंड. हे हात थांबलेले दिसले तर काहीतरी बिनसले आहे.

पोटाला त्यांना मुळात थोडेच लागते. आठवड्यातून दोन-तीनदा उकळत्या पाण्यातून काढलेले पालकाचे पान, दोडक्याची सोललेली चकती किंवा शेवग्याचा वाळलेला पाला पुरतो. दोन-तीन तासांत संपले नाही तर उरलेले काढून टाकावे, उन्हाळ्यात तर तासाभरातच. भाजी सोलून आणि चांगली धुऊन घ्यावी, फवारणीचे अंश इथेही असतात. देशी बदामाची आपोआप गळून पडलेली तपकिरी पाने हे सर्वांत उत्तम खाद्य, आणि ती नागपुरात कुठेही मिळतात. रहदारीच्या रस्त्यावरची घेऊ नयेत, एखाद्या घराच्या अंगणातली मागून आणावीत, धुवावीत आणि वाळवून ठेवावीत.

तलावातून शेवाळ किंवा पाणवनस्पती आणू नयेत, कारण त्यांच्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात आणि एक अळी महिन्याभरात निम्मी वस्ती फस्त करते. त्रिकोणी डोक्याच्या प्लॅनेरिया या चपट्या कृमींचा शिरकाव झाला तर प्राण्यांच्या जंतावर दिले जाणारे फेनबेंडाझोल अत्यल्प मात्रेत उपयोगी पडते, ते झिंग्यांना सहसा बाधत नाही, मात्र काही गोगलगायी त्याने मरतात. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांतले झिंगे बाजारात जिवंत मिळाले तरी त्यांना या टाकीत आणू नये. ते लांब नांग्यांचे मॅक्रोब्रॅकियम असतात आणि आपल्या चुलतभावंडांना खाताना जराही संकोच करत नाहीत.

घडी नीट बसली की मादीच्या मानेमागे पिवळसर खोगीर दिसू लागते. ती अंडाशयातली अंडी. तिने कात टाकली की टाकीतले सगळे नर वेड्यासारखे इकडून तिकडे पोहत सुटतात. नवख्याला वाटते पाण्यात विष कालवले गेले. पण या धावपळीत माद्या शांतपणे चरत असतात, विषबाधेत सगळेच पळतात आणि वर चढू पाहतात. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटाखाली वीस-तीस अंड्यांचा घोस दिसतो आणि ती पोहण्याच्या पायांनी त्याला सतत वारा घालत राहते. तीन ते चार आठवड्यांत, पाणी उबदार असेल तर लवकर, अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके उमटतात आणि मग मिलिमीटरभर लांबीची, आईबापांसारखीच हुबेहूब पिल्ले बाहेर पडतात. थंड पाण्यात वाढलेल्या पिल्लांत माद्या जास्त निघतात आणि उबदार पाण्यात नर, त्यामुळे आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची वीण मोलाची. त्या महिन्यांत हीटर लावू नये. घरातले पाणी १७-१८ अंशांवर आले तरी झिंगे खुशाल राहतात. विकत घ्यायचेही याच काळात, म्हणजे प्रवासात पिशवी तापत नाही आणि नव्या टाकीत रुळायला उन्हाळ्यापूर्वी दोन-तीन महिने मिळतात.

ऐन फेब्रुवारीत टाकी झिंग्यांनी गजबजून जाते आणि उन्हाळ्याआधी गर्दी कमी करावीच लागते, कारण मे महिन्यातला प्राणवायू तेवढ्यांना पुरत नाही. जास्तीचे झिंगे ओळखीच्यांना द्यावेत किंवा दुकानदाराला देऊन त्या बदल्यात मॉस घ्यावे. अंबाझरीत किंवा फुटाळ्यात ते मुळीच सोडू नयेत. जर्मनीत एका वीजकेंद्राच्या गरम पाण्याने उबदार झालेल्या गिलबाख या ओढ्यात हेच पाळीव झिंगे सुटून त्यांची स्वतंत्र वस्ती झालेली आहे. आपल्या तलावांना तर तेवढ्याही उबेची वाट पाहावी लागणार नाही. नेणाऱ्याला मी पिशवीत मॉसचा एक पुंजका घालून देतो, म्हणजे झिंग्यांना धरून बसायला आधार मिळतो, आदल्या दिवशी त्यांना खायला घालत नाही, आणि घरी गेल्यावर दोन तास थेंबथेंब पाणी सोडल्याशिवाय त्यांना टाकीत ओतू नका, हे पिशवी हातात देण्यापूर्वी दोनदा सांगतो.